पोर्तुगालातली मशीन

पिपरी मेघेतला तो सायबर कॅफेवाला लग्नाच्या स्थळांची वेबसाइट चालवायचा. महिनाभर शोधून त्याने त्या साइटसाठी स्वस्तातला अख्खा सर्व्हर भाड्याने मिळवला, तोही थेट पोर्तुगालात. तिथल्या सर्व्हरवाल्यांची मेल वाचताना तो पडद्याकडे बघून मान डोलवायचा, जणू समोर पाहुणाच बसलाय.

एकदा ऐन लग्नसराईत तिकडच्या उकाड्याने सर्व्हरची मशीन तापली आणि साइट बंद पडली. मुलींचे बाप फोनवर ओरडायला लागले. संध्याकाळी साइट सुरू झाली, तरी दुसऱ्या दिवशी याने कूलरची वाळ्याची ताटी पोर्तुगालला पार्सल केली. टपालखर्च सर्व्हरच्या भाड्याहून जास्त!

"काऊन भाऊ?" मी विचारलं.

"सर, मशीन आपली हाय ना? तिले उन्हात ठेवू काय?"