विहिणीच्या परसातलं सफरचंद

उम्सिन आपा चहाला येणार म्हटलं की तलगार गावातले लोक आधी परसदाराला कडी घालत. बाईंना चोरीचं व्यसन होतं, पण चोरी फक्त सफरचंदाच्या काड्यांची. जुन्या बागा तोडून बंगले उठले, तेव्हापासून उरलीसुरली झाडं हुडकायची, फळ कापून, चाखून, हुंगून जात ओळखायची आणि हिवाळा सरता सरता एखादी काडी बुटात खोचून घरी आणायची, कलम करायला. कुणी कुरकुरलं तर म्हणत, "कर की पोलिसांना फोन! काय सांगशील, काटकी गेली?"

एकाच झाडापुढे त्यांची डाळ शिजली नव्हती. ते होतं त्यांच्या विहिणीच्या, काम्शातबाईंच्या परसात. मागे तिकडे जेवायला गेल्या असताना आपांनी एका गालावर लाली असलेलं पिवळं सफरचंद उचललं आणि कानाशी धरून हलवलं. आत बिया खुळखुळल्या! आजोबांच्या बागेतली, कायमची गेली म्हणून आपा जिच्यासाठी रडून मोकळ्या झाल्या होत्या, तीच ही जात. त्यांचे डोळे भरून आले. काम्शातबाईंना मात्र भरल्या दस्तरखानावर, पाहुण्यांच्या पंगतीत, एवढंच दिसलं, की ही बया आमचं फळ किडकं आहे का ते तपासतेय. झालं! तेव्हापासून काडी सोडाच, त्या झाडाचं वाळकं पानसुद्धा मिळेना. आणि आता वाफेच्या न्हाणीला जागा हवी म्हणून उद्या त्यावर करवत चालणार होती.

अशात सकाळी जावयाचा फोन आला. "आई, मुलगी झाली!"

आपांनी डोळे पुसले आणि लगेच विचारलं, "तुझ्या आईला सांगितलंस?"

जावई जरा घुटमळला. "नाही... अजून नाही."

"मग गप्प बस. मी सांगते."

आनंदाची बातमी आणणाऱ्यानं सुयिन्शी, म्हणजे खुशखबरीची बक्षिशी, मागायची आणि ऐकणाऱ्यानं ती द्यायची, त्यात नाही म्हणायची सोय नाही. आपा कलमाचा चाकू घेऊन एप्रनवरच बर्फातून सुटल्या.

"सुयिन्शी, विहीणबाई, सुयिन्शी!" त्या फाटकातूनच ओरडल्या. "आधी कबूल करा!"

"केलं. काय हवं, शाल का मेंढी?"

"त्या झाडाच्या काड्या. हातात मावतील तेवढ्या."

काम्शातबाईंनी नाक मुरडलं. "आणि बातमी फुसकी निघाली तर?"

"बाळ झालं! बाळ-बाळंतीण खुशाल!"

"घ्या मग. रीत आडवी आली म्हणून, नाहीतर दाराशी उभं केलं नसतं." असं म्हणत शिडी त्यांनीच आणली, धरलीही त्यांनीच. "जपून हो. पाळण्याच्या जेवणाला लंगडत आलात तर लोक मला नावं ठेवतील."

काड्यांचा जुडगा एप्रनमध्ये गुंडाळून आपा निघाल्या. मागून हाक आली, "एक कलम माझ्या नातीच्या नावानं लावा!"

"लावते, लावते!" म्हणत आपा रस्त्याला लागल्या आणि मध्येच थबकल्या. "विहीणबाई, मुलगी झाली असं मी कुठे म्हटलं?"

काम्शातबाईंनी फाटक लोटून घेतलं.

"जावई तुमचा असला तरी पोटचा माझा आहे," आतून आवाज आला. "पहिला फोन आईलाच करतो. जा आता, काड्या सुकतील."