चूक उंदरावर ढकलायची राहिली

आमच्या जिन्यात अशी आवई आहे की आत्या घरच्या फ्रिजमध्ये, दुधाशेजारी, उंदरांचे मेंदू ठेवते. तळमजल्यावरची शिंपीणबाई तर आमच्याकडचा बर्फसुद्धा घेत नाही. खरं एवढंच, की आत्या प्रयोगशाळेत म्हाताऱ्या उंदरांच्या मेंदूचे कागदासारखे पातळ काप करते, आणि ते तिथेच राहतात. घरी येते ती फक्त तिची पाठदुखी.

काप खाऱ्या द्रवात ठेवायचा आणि नळीने प्राणवायूचे बुडबुडे सोडायचे, म्हणजे तो काही तास जिवंत राहतो. मग तारेने विजेचे बारीक झटके. एक पेशी ग्लुटामेट नावाचं रसायन सोडते, दुसरीवरचे रिसेप्टर ते झेलतात, आणि पडद्यावरच्या रेघेला टेंगूळ येतं. झटके लागोपाठ दिले की तरुण कापात टेंगूळ वाढतं आणि तसंच टिकतं. आठवण म्हणे अशीच बसते. म्हाताऱ्या कापात ते येतं, रेंगाळतं, ओसरतं. "झेलणारे हात कमी पडतात गं. आहेत तेही सुस्तावलेले," आत्या सांगते, बसची वेळ सांगावी तशी.

यंदा नवं यंत्र आलं आणि आत्याचं शिकणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. जुन्यावर वायू आपोआप सुरू व्हायचा, नव्यावर व्हॉल्व्ह हाताने उघडावा लागतो. ती विसरली. पुन्हा विसरली. प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडम म्हणाल्या, "ताई, आता झालं तर ही खुर्ची दुसऱ्याला द्यावी लागेल हं."

"बरं," आत्या म्हणाली.

मंगळवारी झालंच. रेघ सपाट, व्हॉल्व्ह बंद, काप मेलेले. आपल्याला वाईट वाटतंय का, असं तिने स्वतःला विचारून पाहिलं. आतून कोणी ओ दिली नाही.

संध्याकाळी भाजी निवडताना तिने हे सांगितलं, तशी मी उसळलेच. "अगं, उंदीर म्हातारा होता ना? ढकल त्याच्यावर! त्याची रेघ तशीही बसकीच. कुणाच्या बापाला कळतंय?"

"तसं म्हणता येईल."

"येईल काय, म्हणशीलच तू! लाव पैज. हरले तर रोज सगळ्यांसमोर करते ती तुझी नक्कल महिनाभर बंद."

"लाव," ती म्हणाली आणि देठ मोडत राहिली.

दुसऱ्या दिवशी ती मॅडमच्या टेबलाशी उभी राहिली. "कालचे आकडे घेऊ नका. उंदराचा दोष नाही. व्हॉल्व्ह मी उघडला नाही."

मॅडमनी चष्मा काढून पुसला. "ताई, तुम्ही बोलला नसता तर मला कळलंही नसतं."

"माहीत आहे."

घरी आल्यावर तिने चपला जागच्या जागी ठेवल्या.

"काय झालं?" बाबांनी विचारलं.

"सांगितलं. आजपासून बाटल्या धुते. पाणी गरम असतं."

बाबा, आई, धाकटा, सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. ते शेवटचं वाक्य माझ्या जिभेवर अगदी तयार होतं, हुबेहूब तिच्या सुरात. मी पाण्याचा पेला तोंडाला लावला.