न पिणाऱ्याचा सिरोसिस

सोनोग्राफीचा रिपोर्ट वाचता वाचता डॉक्टरांनी मान वर न करताच विचारलं, "किती वर्षं घेतात?"

मला वाटलं, साखरेच्या गोळ्यांबद्दल विचारतायत. मी म्हणाले, "बारा-तेरा वर्षं झाली."

"रोज?"

"हो, रोज. सकाळ-संध्याकाळ. कधी चुकवत नाहीत."

डॉक्टरांनी ह्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्या नजरेचा अर्थ कळायला मला थोडा वेळ लागला. "अहो, गोळ्या! डायबेटिसच्या गोळ्या!" मी जवळजवळ ओरडलेच. "दारूला जन्मात शिवलेले नाहीत हे."

"सगळे असंच सांगतात, बाई." डॉक्टर चिडले नव्हते, दमलेले होते. "सिरोसिस आहे. आजच अ‍ॅडमिट करा."

सिरोसिस हा शब्द मी तोवर फक्त दारुड्यांच्या बाबतीत ऐकला होता. आता मला तो नीट माहीत झालाय, म्हणून सांगते. लिव्हर म्हणजे यकृत. त्याला वर्षानुवर्षं इजा होत राहिली की ते आतून कडक, गाठीगाठीचं होतं आणि आक्रसतं. इजा दारूने होते, काविळीच्या काही विषाणूंनी होते, आणि साखर व चरबीनेही होते. आमच्या ह्यांचं हे शेवटचं कारण होतं. इंग्रजीत त्याला नॅश म्हणतात, म्हणजे दारू न पिता लिव्हरमध्ये चरबी साठून आलेली सूज. पण ते कळायला बऱ्याच तपासण्या व्हाव्या लागल्या, आणि तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं.

आम्ही नाशिकरोडला राहतो. माझे यजमान वसंतराव एकलहऱ्याच्या वीज केंद्रात नोकरीला होते, तिथूनच रिटायर झाले. मी शाळेच्या ऑफिसात होते. चर्चचं म्हणाल तर आमची तिसरी पिढी. हे रविवारच्या उपासनेत आळीपाळीने शास्त्रपाठ वाचायचे. आवाज चांगला होता.

अ‍ॅडमिट होण्याच्या आधीच्या रविवारी ह्यांची पाळी होती. सकाळपासून काहीतरी बिनसलंय असं मला वाटत होतं. शर्टाची बटणं वरखाली लागली होती. वाचायला उभे राहिले आणि जीभ जड झाली. एकच ओळ पुन्हा पुन्हा वाचायला लागले. मग मध्येच हसले. मग पाय लटपटले आणि वेदीच्या पायरीवर मटकन बसले.

आमच्या चर्चचे सेक्रेटरी साळवेसर उठले. रिटायर्ड हेडमास्तर, शिस्तीचा माणूस. त्यांनी ह्यांचं कोपर धरलं आणि मधल्या वाटेने दारापर्यंत चालवत आणलं. मी धावत मागे गेले. दारात मला म्हणाले, मागच्या बाकांवर ऐकू जाईल अशा आवाजात, "बाई, निदान रविवारी तरी."

तो दारूचा अंमल नव्हता, हे मला हॉस्पिटलात समजलं. त्याला हिपॅटिक एन्सेफॅलोपॅथी म्हणतात. लिव्हर रक्त साफ करत नाही, मग रक्तातला अमोनिया वाढतो आणि तो मेंदूवर चढतो. माणूस बरळतो, झोकांड्या खातो, आपल्याच माणसाला ओळखत नाही. डॉक्टरांनी ह्यांना दोन्ही हात पुढे ताठ धरायला सांगितले, तर पंजे फडफडायला लागले. "हे बघा," ते म्हणाले, "ही खूण आहे." नुसत्या बद्धकोष्ठानेसुद्धा हे होऊ शकतं. त्यावर लॅक्टुलोज नावाचं गोड, चिकट औषध देतात, त्याने जुलाब होऊन पोट साफ होतं आणि अमोनिया उतरतो. जुलाब काढणं कोणाच्या वाट्याला आलं ते सांगायला नको.

ते दिवस मला सलग आठवत नाहीत. मुलगी रूथ बंगळुरूला, तिचे बाळंतपणाचे दिवस भरत आलेले. तिला मी खरं सांगितलंच नाही. हे मला ओळखत नव्हते. एकदा जेवणाचं ताट अंगावर फेकलं. एकदा मला आपली मोठी बहीण समजून रडले. पोटात पाणी भरलं होतं, ते सुईने काढावं लागलं. सुई टोचताना मी बाहेरच्या बाकावर बसून भिंतीकडे बघत होते. प्रार्थना करावी असं वाटत होतं, पण शब्द येत नव्हते. बसून होते एवढंच.

आणि भेटायला लोक येत होते. चर्चच्या दोघी जणी आल्या, खाटेपाशी उभ्या राहिल्या. एक दुसरीला हळूच म्हणाली, "आता तरी सोडतील." मी ऐकलं. तेव्हापासून मी दिसेल त्याला सांगत सुटले. नवीन सिस्टर आली की, "हे पीत नाहीत हं." झाडणाऱ्या मावशींना, रक्त घ्यायला येणाऱ्या मुलीला, लिफ्टमध्ये भेटलेल्या अनोळखी बाईलासुद्धा. "आमचे हे पीत नाहीत. ह्यांचा वेगळा आहे."

शेजारच्या खाटेवर सायखेड्याचे भाऊसाहेब होते. चाळिशीचे असतील. पिवळेधमक डोळे, काटकुळे हातपाय आणि माठासारखं पोट. त्यांची बायको मंगल खाली चटई टाकून बसायची. त्यांच्या फाईलवर काय लिहिलंय ते सगळ्या वॉर्डाला माहीत होतं. राउंडला डॉक्टर त्यांच्यापाशी थोडाच वेळ थांबत. मी माझी खुर्चीही जरा अलीकडे ओढून घेतली होती.

मग एका सकाळी ह्यांचं डोकं स्वच्छ झालं. मला नावाने हाक मारली. मी रडले. तेवढ्यात नवीन सिस्टर सलाईन लावायला आली आणि सवयीने माझ्या तोंडून निघालं, "सिस्टर, हे पीत नाहीत बरं का."

ती गेल्यावर हे म्हणाले, "शालिनी, तू असं सगळ्यांना सांगतेस?"

"सांगायला नको? लोक काय काय बोलतायत तुम्हाला कल्पना तरी आहे का?"

"तू सांगतेस तेव्हा ते शेजारचे ऐकत असतील." आवाज अगदी क्षीण होता. "आणि मी पीत असतो तर? मला इथे आणलं नसतंस?"

मला राग आला. इतके दिवस मी घाण काढली, अपमान गिळला, आणि शुद्धीवर आल्या आल्या मला शिकवतायत. मी उठून व्हरांड्यात गेले. आणलं असतं, हे तर उघडच होतं.

खाली कँटीनमधून चहा घेऊन आले. दोन कप आणले. दुसरा मंगलसमोर धरला तेव्हा ती गडबडून उठली. "मला व्हय, ताई?"

त्यानंतर आम्ही बोलू लागलो. तिच्या घरून कोणी येत नव्हतं. दिराने सांगून टाकलं होतं, त्याच्या कर्माने झालंय, आम्ही येणार नाही. "ताई, मी खोटं नाय बोलणार. ह्यांनी लय पेली. मला मारलंबी," ती म्हणाली. "पण आता पोराचं नाव घेऊन रडतात. आता काय बोलू त्यांना?" ती औषध आणायला खाली गेली की मी भाऊसाहेबांना चमच्याने पाणी द्यायचे. ते डोळे मिटूनच प्यायचे. एकदा म्हणाले, "मावशी, तुमच्या माणसाला बरं वाटू दे." मी चमचा पुन्हा भरला.

भाऊसाहेबांना एका सकाळी रक्ताची उलटी झाली. कडक लिव्हरमधून रक्त पुढे सरकत नाही, मग अन्ननलिकेतल्या शिरा फुगतात आणि फुटतात. आयसीयूत नेलं, पण दुपारी गेले.

ह्यांनी मला खाली पाठवलं. "जा तू. ती एकटी असेल." मंगल मागच्या दाराशी बाकावर बसली होती, गाडीची वाट बघत. रडत नव्हती. मी शेजारी बसले. आमच्याकडे अशा वेळी म्हणायच्या प्रार्थना आहेत, पण त्या तिच्या नव्हत्या, म्हणून मी नुसता तिचा हात धरला. ती म्हणाली, "वाईट नव्हता हो तो, ताई. प्यायचा, तेवढंच."

"हो गं," मी म्हणाले. "मी पाहिलंय ना त्यांना."

वर आले तर शेजारची खाट धुवून काढली होती. त्याच संध्याकाळी डॉक्टर नेहमीपेक्षा जास्त वेळ थांबले. म्हणाले, "तुमच्या मिस्टरांचे सगळे रिपोर्ट आले. नॅशच आहे. पहिल्या दिवशी मी तुमच्यावर विश्वास ठेवला नव्हता. सॉरी." किती दिवस मी या वाक्याची वाट बघत होते! पण ते आलं तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर मंगल होती. तिला कोण सॉरी म्हणणार होतं?

डिस्चार्ज झाला. घरी आलो म्हणजे बरे झालो असं नाही. सिरोसिस परत फिरत नाही, सांभाळायचा असतो. मीठ अगदी कमी, लोणचं-पापड बंद, रोजचं वजन, रोजचं लॅक्टुलोज. बोलता बोलता हे अडखळले की मी त्यांना दोन्ही हात पुढे ताठ धरायला लावते. चर्चला मी जात नव्हते. ह्यांच्या तब्येतीचं कारण होतं, पण खरं कारण ते नव्हतं. ती मधली वाट मला पुन्हा चालवत नव्हती.

आणि एका दुपारी दारात साळवेसर उभे.

"सलाम, वसंतराव."

आम्हा ख्रिस्ती मंडळींचा हाच नमस्कार. ह्यांनी सलाम केला. मी केला नाही. सर बसले. चर्चच्या छपराचं काम, पाण्याचा प्रश्न, असं काहीबाही बोलले. मी वाट बघत होते. माफी मागतील, मग बघू, असं मनात होतं. पण ते म्हणाले, "तुमचे डॉक्टर कसे आहेत?" मग थोडं थांबून, "आमच्या आशिषचे डोळे पिवळे झालेत."

आशिष त्यांचा मुलगा. बँकेत आहे, लहान मुलगी आहे त्याला.

"कधीपासून?" ह्यांनी विचारलं.

"आठवडा झाला."

"डोळ्यांचं नाही विचारत, सर."

साळवेसरांनी चष्मा काढला. "पाच-सहा वर्षं. आधी बाहेर, आता घरातच. घराबाहेर कोणालाच माहीत नाही. सांगणार कोणाला, वसंतराव? आपली माणसं काय बोलतात ते मला ठाऊक आहे."

मी स्वयंपाकघरात गेले आणि ओट्याला धरून उभी राहिले. बोलायला माझ्याकडे पुष्कळ होतं, आणि ते सगळं खरं होतं. बाहेरून ह्यांचा आवाज आला, "शालिनी, उद्या तू जाशील का ह्यांच्याबरोबर? तिथलं सगळं तुला माहीत आहे."

सर गेल्यावर मी भांडले. "त्यांनी माफी तरी मागितली का?"

"नाही."

"मग?"

"मागितली असती तर आपल्याला सोपं गेलं असतं," हे म्हणाले आणि उशीला टेकले. एवढ्या बोलण्यानेही दम लागला होता. "मला जमलं असतं तर मीच गेलो असतो गं."

मी गेले. प्रेमाने गेले असं खोटं सांगणार नाही. ओपीडीच्या बाकावर आशिष माझ्या शेजारी बसला होता, तोंडाला रुमाल बांधून. त्याचे वडील केसपेपरच्या रांगेत. आशिष खाली बघत म्हणाला, "काकू, इथे कोणी ओळखीचं भेटेल का हो?"

"मी भेटले ना," मी म्हणाले.

त्याने रुमाल काढला नाही, पण जरा मोकळा बसला. आत गेल्यावर डॉक्टरांना त्याने सगळं खरं सांगितलं. त्याच्या लिव्हरला सूज होती, अजून ते कडक झालं नव्हतं. दारू पूर्ण बंद केली तर लिव्हर सुधारेल, असं डॉक्टर म्हणाले. साळवेसर जिन्यात थांबले, माझ्याकडे न बघता "बाई..." म्हणाले. मी थांबले नाही. गुडघे दुखत होते.

तुमच्या घरात हा आजार आला तर दोन गोष्टी सांगते. माणूस अचानक बरळायला लागला, दिवसा झोपून रात्री जागा राहू लागला, तर वाट बघू नका, लगेच दवाखान्यात न्या. आणि लोक बोलतील. न पिणाऱ्यालाही बोलतील, पिणाऱ्याला तर बोलतीलच. तुमचा माणूस निर्दोष आहे हे पटवून देण्यात मी घालवली तितकी ताकद घालवू नका. ती जुलाब काढायला, सूप भरवायला लागते. कृपा हा शब्द मी लहानपणापासून गाण्यात म्हणत आलेय. ती लायकी बघून वाटत नाहीत, हे मला पाठ होतं. प्रत्यक्षात ती इतकी दमवणारी असेल असं मात्र वाटलं नव्हतं. साळवेसरांना मी क्षमा केली का? सकाळी करते. दुपारपर्यंत पुन्हा काहीतरी आठवतं.

परवा चर्चच्या महिला मंडळाची सभा आमच्या गल्लीतच होती, म्हणून गेले. बऱ्याच महिन्यांनी. चहा झाला आणि एकीने विषय काढलाच. "शालिनीबाई, साळवेसरांच्या आशिषला तुम्ही दवाखान्यात नेलं म्हणे? काय झालंय त्याला?"

सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. हॉस्पिटलात भेटायला आलेल्या त्या दोघीही होत्या.

"आजारी आहे," मी म्हणाले.

"हो, पण कशाने?"

"ते डॉक्टर बघतायत. आपण प्रार्थना करू."

कोणी सुरुवात करेना, म्हणून मीच डोळे मिटले. हॉस्पिटलपासून मी चारचौघांत मोठ्याने प्रार्थना केली नव्हती. आशिषचं नाव घेतलं, त्याच्या बायकोचं, लेकीचं. साळवेसरांच्या नावापाशी अडले. कोणीतरी पाण्याचा ग्लास हातात दिला. मी दोन घोट घेतले, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.