ताकदीच्या गोळ्या

"खोकल्याचं औषध द्या, मालक," असं गवंडीमामा लोह्यातल्या माझ्या मेडिकलमध्ये मोठ्यानं म्हणायचे आणि डॉक्टरची चिठ्ठी हळूच माझ्या तळहाताखाली सरकवायचे. चिठ्ठी नांदेडच्या मनोविकाराच्या डॉक्टरची, त्यांच्या मुलीसाठी. आमच्याकडं असा डॉक्टर नाही. दर महिन्याला एक दिवसाचं काम बुडवून मामा तिला नांदेडला न्यायचे.

ओळखीचं कुणी दुकानात आलं की मामा खरोखरच खोकायचे. इतकं मन लावून, की लोक त्यांना काढा सुचवायचे. तुम्हीही फसला असता.

मुलगी गोळ्यांवर छान सावरली. शिवणकाम करायची, हसायची. भोकरकडचं स्थळ जमलं तेव्हा मामा प्लास्टिकची रिकामी डबी घेऊन आले.

"पाकिटातून काढून ह्याच्यात भरा. वर लिहा, ताकदीच्या गोळ्या."

"मामा, सासरी सांगून टाका."

"सांगितलं तर लगीन ऱ्हाईल का? तुमीच सांगा."

मी गोळ्या डबीत भरल्या. वर लिहूनही दिलं. मग दर महिन्याला मामा डबी भरून तिकडं पोचवायला लागले.

वर्षभरानं एकदा मामा आले ते खोकलेच नाहीत. मुलीला दिवस गेले होते. दवाखान्यातून रक्तवाढीच्या गोळ्या मिळाल्या, म्हणून सासूनं मायेनंच डबी बंद केली. दोन-दोन प्रकारच्या ताकदीच्या गोळ्या बाळाला उष्ण पडतील म्हणाली. त्याला महिना झाला होता.

"झोपंना गेली, मालक. दिवसभर हिरीच्या काठावर बसून राह्यली. ते लोक बाहेरचं हाय म्हणून अंगारा लावून राहिले. सांगितलं तर सोडतील. न्हाई सांगितलं तर..."

डबीवरचं अक्षर माझं होतं.

"मामा, आत्ताच्या आत्ता फोन लावा."

त्यांनी लावला. चार गिऱ्हाइकांदेखत जावयाला सगळं सांगितलं, डॉक्टरच्या नावासकट. मग फोन कानापासून काढून त्याच्याकडं बघायला लागले.

"काय म्हणाले?"

"घिऊन जा म्हणले, कायमची. मी येईस्तवर तिच्याजवळ कुणीतरी बसा म्हणलं, तर फोनच ठिवला."

लोह्याहून भोकरला जायचं तर नांदेडला गाडी बदलावी लागते. मामा स्टँडकडं पळत सुटले.

त्याला आठ महिने झाले. मामा आले नाहीत. त्यांच्या गावची माणसं दुकानात येतात, मी त्यांना औषध देतो, पण काही विचारत नाही. विचारलं तर ते सांगतील.