नात्याचा रकाना

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस मी दुबईतल्या एका इंग्रजी दैनिकात उपसंपादक होतो. माझ्यापासून चार टेबलं सोडून आमचा मुद्रितशोधक बसायचा. तो पूर्व नायजेरियातला, इग्बो जमातीचा, कॅथलिक. तिकडे शाळेत साहित्य शिकवायचा. शाळा बंद पडल्यावर इकडे आला, तो आफ्रिकी कादंबऱ्यांची एक पेटी घेऊन. मी त्यातली एकेक करामा वस्तीतल्या माझ्या खोलीवर नेऊन वाचायचो.

एका कादंबरीत नायकाला अकरा भाऊ निघाले. मी समासात पेन्सिलने आकडे टाकले आणि पुस्तक त्याच्यापुढे ठेवलं.

"माय ब्रदर, तू कादंबरी वाचतोस की जनगणना करतोस?" तो म्हणाला.

मग त्याने समजावून सांगितलं. काकाचा मुलगा तो भाऊच. 'एकाच आईबापाचा' असं वेगळं सांगायची पाळी भांडणात येते. चारचौघांत कुणाला चुलत म्हणणं म्हणजे त्याला उंबऱ्याबाहेर उभं करणं. मी म्हणालो, आमच्याकडेही तसंच. माझ्या काकांची मुलं माझे भाऊच आहेत, 'चुलत' हा शब्द परक्यांना सांगण्यापुरता. त्याला हे फार आवडलं. बातमीत 'ब्रदर' आला की तो लांबून विचारायचा, "कोणता? तुमचा की इंग्रजांचा?"

त्याचा असा एक भाऊ शारजातल्या एका गोदामात हिशेबनीस होता. दोघे एकाच अंगणात वाढलेले. दर शुक्रवारी दोघे चर्चला जात. इथे रविवारसुद्धा शुक्रवारी येतो, असं तो म्हणे. एका बुधवारी दुपारी तो भाऊ गोदामात कोसळला आणि रुग्णालयात पोचण्याआधी गेला. वय चौतीस.

गेलेल्या भावाचे वडील, म्हणजे याचे काका, गावच्या चर्चमध्ये धर्मशिक्षक होते. फोनवर त्यांनी एकच गोष्ट मागितली: मुलगा घरी आणा. त्यांच्यात माणसाला बापाच्या अंगणात पुरतात. परक्या मातीत पुरलेला माणूस कुणाचाच पूर्वज होत नाही. ते पाद्र्याला मान्य नव्हतं आणि काका पाद्र्याचे उजवे हात होते, तरी या बाबतीत त्यांचं मत बदललेलं नव्हतं. मुद्रितशोधकाच्या पेटीतल्या निम्म्या कादंबऱ्यांत हाच झगडा होता, कबरीच्या एका बाजूला पाद्री आणि दुसऱ्या बाजूला पूर्वज. गुरुवारी सकाळी काकांनी अंगणात खड्डा खणायला घेतला.

त्याच गुरुवारी आम्ही मृतदेह परत पाठवण्याच्या कचेरीत गेलो. गुरुवारी अर्धा दिवस, शुक्रवारी सुट्टी. खिडकी बंद व्हायला वीस मिनिटं होती. तो भावाची कागदपत्रं लावत होता म्हणून अर्ज मी भरला. मृताशी नातं, असा रकाना होता. मी विचारलं. तो म्हणाला, "ब्रदर."

मी लिहिलं, ब्रदर.

बातमीत हा शब्द असा आला असता तर मी सख्खा की चुलत हे विचारल्याशिवाय पुढे सोडला नसता. त्या दिवशी विचारावंसं वाटलं नाही. आमचं त्यावर बोलणं झालेलं होतं.

शनिवारी खिडकीवरच्या केरळी कारकुनाने दोन पासपोर्ट शेजारी ठेवले आणि माझ्याशी हिंदीत बोलला. "बाप का नाम अलग है. भाई कैसे?"

मी काका-पुतण्याचं नातं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं. आमच्याकडेही असंच म्हणतात, तो म्हणाला. "बोलने में ठीक है, साब. लिखने में नहीं."

चुलत भाऊ लिहिलं असतं तर बापाचं संमतिपत्र फॅक्सने चाललं असतं. फॅक्स दोन दिवसांत आलाही. पण तोवर अर्जावर 'चुकीची माहिती' असा शेरा पडला होता आणि अर्ज चौकशीला गेला होता. आता मूळ पत्र हवं होतं, नायजेरियाच्या परराष्ट्र खात्याच्या शिक्क्यासह. तिकडे सरकारी कचेऱ्यांत संप चालू होता. मी तीन वेळा लेखी खुलासा दिला. चूक माझी, हस्ताक्षर माझं. प्रत्येक वेळी उत्तर मिळालं, इन्शाल्ला.

पाचव्या आठवड्यात रुग्णालयाने शवागार रिकामं करायला सांगितलं. गोदामाच्या मालकाने इथेच दफनाची तयारी दाखवली, त्यालाही ते प्रकरण खलास करायचं होतं. काकांची संमती लागणार होती. फोन मुद्रितशोधकाने ऑफिसच्या खालच्या बूथमधून लावला, मी बाहेर उभा होतो. काकांनी संमती दिली नाही, नाकारलीही नाही. त्यांनी विचारलं, "तुझा भाऊ कुठे आहे?" आणि रिसीव्हर ठेवला. बाहेर आल्यावर त्याने मला सांगितलं की हा प्रश्न त्यांच्या धर्मकथेतला आहे. भावाला मारून आलेल्या माणसाला देवाने विचारलेला. काका तो दर वर्षी मुलांना शिकवत.

नकार नव्हता, तेवढ्यावर कचेरीने परवानगी दिली. दफन शुक्रवारी झालं, शहराबाहेर, बिगरमुस्लिमांच्या दफनभूमीत. पाद्री, तो, मी आणि गोदामातले दोघे. ओळीत आधीच खणून ठेवलेले खड्डे होते, त्यातला पुढचा मिळाला. पाद्र्याने प्रार्थना दहा मिनिटांत आटोपली. पूर्वजांच्या बाजूने वाद घालायला इथे कुणी नव्हतं.

फाटकापाशी नोंदवही होती. तिच्यातही नात्याचा रकाना होता. सवयीने मी पेन काढलं. त्याने ते माझ्या हातातून घेतलं आणि ठळक अक्षरांत लिहिलं: कझिन. मग टोपण लावून पेन मला परत दिलं.

गावचा खड्डा काकांनी बुजवला नाही. त्यावर पत्रे टाकले, असं त्याला कुणीतरी कळवलं. दोन पावसाळे गेले तरी पत्रे तसेच होते. तो सुट्टीवर गावी गेला नाही.

आणखी अडीच वर्षं तो माझ्यापासून चार टेबलं सोडून बसला. काम नेहमीसारखंच चोख. 'ब्रदर' कोणता, हे त्याने पुन्हा विचारलं नाही. मला तो सर म्हणू लागला होता.