तिघं आणि एक सुपारी

मी बत्तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला, हा विषय आमच्या घरात आता कुणी काढत नाही.

चुकून निघालाच, तर माझी बायको मालती शांतपणे विचारते, "मंडई कोणत्या दिशेला होती हो?" आणि मी चष्मा पुसत गॅलरीत जातो.

त्याचं असं झालं. आमची प्राची पुण्यात खराडीला एका सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी करते. तिथेच तिला निनाद भेटला. दोघांनी दोन वर्षं एकमेकांना नीट पारखून घेतलं आणि मग आम्हाला 'एक स्थळ आलंय' असं कळवलं! मुलाचं घर बघायला आणि बोलणी करायला आम्ही यवतमाळहून आलो. आम्ही म्हणजे मी, मालती आणि माझी थोरली बहीण कुसुमताई. ताईशिवाय आमच्याकडे कुणाचं लग्न ठरत नाही. (माझंही तिनंच ठरवलं. मला नंतर सांगितलं.)

शनिवारी सकाळी अकराला मंडईजवळ मुलाच्या घरी पोचायचं होतं. मुलीनं स्वतः घर बघायला जायचं नाही, हा ताईचा दंडक. प्राची त्या घरी आधीच दहा वेळा जेवून आली होती, पण ते ताईला कोण सांगणार? त्यामुळे ती खोलीवरच थांबणार होती. निघण्याआधी तिनं मला बाजूला घेतलं.

"बाबा, दोनच गोष्टी. एक, अकरा म्हणजे अकरा. निनादचे बाबा वेळेचे फार पक्के आहेत. दुसरं, माझ्या ऑफिसच्या वेळा काही धड नसतात. कधी सकाळी, कधी संध्याकाळनंतर. ते त्यांना चालणार आहे ना, तेवढं स्पष्ट विचारा. मी विचारलं तर आगाऊ दिसेन. निनादनं विचारलं तर लग्नाआधीच बायकोचा बैल म्हणतील. तुम्हीच विचारा, प्लीज!"

"चिंता करू नकोस," मी म्हणालो. त्या क्षणी मी फार जबाबदार बाप दिसत असणार.

एवढ्यात फोन आला. कात्रजचा माझा चुलतभाऊ विनायक आमच्याबरोबर येणार होता, त्याची गाडी बंद पडली होती. मी म्हटलं, "ठीक आहे, आपण तिघं जाऊ."

ताई खाली बसली. "तिघं? शुभ कामाले तिघं? तीन तिघाडा, काम बिघाडा! मी नाई येत बाप्पा."

"मग दोघं जातो," मी आशेनं म्हणालो.

ताईनं माझ्याकडे असं पाहिलं, की मी लगेच पायात चपला घातल्या. मग तिनंच तोड काढली. पिशवीतून एक सुपारी काढली, प्राचीच्या देवापुढे ठेवली, हळदकुंकू वाहिलं आणि माझ्या शर्टाच्या खिशात टाकली. "हा आपला चौथा. सांभाळजो. त्यांच्या दारापर्यंत संग आला पाहिजे."

"बाबा, रामवाडीला जाऊन मेट्रो पकडा," प्राची म्हणाली, "एकदा बदलायची, की थेट मंडई स्टेशन. लोकेशनपण पाठवलंय."

आता मेट्रो पुढे जमिनीखालून जाते. जमिनीखाली सूर्य दिसत नाही. सूर्य दिसत नसेल तर भूगोलाच्या माणसानं दिशा ओळखायची कशी? शिवाय आदल्या दिवशी मी पुण्याचा नकाशा वहीत काढून ठेवला होता, रंगीत पेन्सिलींनी, सूची वगैरे करून! मी रिक्षाला हात केला.

रिक्षावाले साठीच्या आसपासचे, पांढरी दाढी, अंगात खाकी शर्ट. नाव रशीदभाई. त्यांच्या आजोबांपासून घराणं पुण्यातलं, हे त्यांनी पहिल्या सिग्नललाच सांगितलं. का सांगितलं, तर मी त्यांना रस्ता सांगायला लागलो होतो म्हणून.

"रशीदभाई, मंडई खराडीच्या नैर्ऋत्येला येते. आपण नैर्ऋत्य धरून चला."

"नैर्ऋत्येला वन-वे आहे."

"सूर्य पाठीशी ठेवला की झालं."

"अहो, सूर्य पाठीशी ठेवून मी समोरच्या बसखाली जाईन. आपण निवांत बसा."

पण निवांत बसला तर तो शिक्षक कसला? नगर रस्त्याला तुफान गर्दी. डोक्यावरून मेट्रो गेली. जरा वेळानं दुसरी गेली. मालती दर वेळी मान वर करून बघायची आणि काही बोलायची नाही. तिचं न बोलणं मला फार लागतं, म्हणून मी वही उघडली आणि येरवड्याच्या पुढे ठासून म्हणालो, "इथून वळा! नकाशात इथे जवळची वाट आहे."

"आपली खात्री आहे?"

"मी बत्तीस वर्षं शिकवलंय!"

"मग वळतो. मुलांचं काय झालं असेल, कोण जाणे."

दहा मिनिटांनी आम्ही एका लांबलचक, उंच भिंतीला लागलो. भिंत काही संपेना. ताई कौतुकानं बघत होती. "केवढी मोठी जागा हो! इथी काय हाय?"

"तुरुंग," रशीदभाई म्हणाले. "राहण्याजेवणाची सोय उत्तम. फक्त प्रवेश कोर्टातून मिळतो."

मी वही मिटून ताईच्या पिशवीत टाकली. (सूचीमध्ये ही भिंत मी 'उद्यान' म्हणून हिरवी रंगवली होती.) रिक्षा वळवून परत चौकात आलो तेव्हा सव्वादहा झाले होते आणि चौकात गर्दी पहिल्यापेक्षा दुप्पट. मालतीनं डोळे मिटून घेतले. ताई जप करायला लागली. आणि माझा हात आपोआप खिशात गेला.

मला एक जुनी सवय आहे. जीव कासावीस झाला की मला सुपारी लागते. अडकित्ता कायम जवळ असतो. तास सुरू होण्याआधी खायचो, तपासणीच्या दिवशी तर जरा जास्तच. त्या दिवशीही मी अडकित्ता काढला, खिशातली सुपारी छान बारीक कातरली, अर्धी तोंडात टाकली आणि रीतीप्रमाणे अर्धी पुढे केली.

"घ्या, रशीदभाई."

"शुक्रिया. सुपारी चांगली आहे. जरा हळकुंडाचा वास येतोय."

"आमच्याकडची आहे," मी अभिमानानं म्हणालो.

अकराला आठ कमी असताना रिक्षा मंडईमागच्या एका तीनमजली इमारतीपुढे उभी राहिली. रशीदभाईंनी कुठून कुठून गल्ल्या काढल्या, देव जाणे. माझा जीव भांड्यात पडला. ताईनं पदर सारखा केला, संत्रा बर्फीचा डबा मालतीकडे दिला आणि मला म्हणाली, "सुधाकर, चौथ्याले काढ. हातात घेऊन चढ."

मी खिशात हात घातला. खिशात अडकित्ता होता.

दुसरा खिसा पाहिला. पँटचे पाहिले. मग माझ्या जिभेनं दाढेत अडकलेला एक बारीक तुकडा चाचपला आणि मला सगळं आठवलं.

"सुधाकर," ताई अगदी हळू म्हणाली, "तू काय चावून राह्यला?"

मी गिळलं.

"खाल्लं! चौथ्याले खाल्लं यानं!" ताईचा आवाज मंडईतल्या भाजीवाल्यांच्या वर गेला. दोन गिऱ्हाइकं थांबून माझ्याकडे बघायला लागली. एक आजी मेथीची जुडी छातीशी धरून मागे सरकल्या.

"ताई, अगं समोर दुकान आहे, दुसरी घेऊ!"

"दुसरी कशी चालन? जो घरून संग निघाला तोच पाहिजे! देवापुढं ठेवून आणला होता मी त्याले!"

मालती म्हणाली, "अहो, अकराला पाच कमी आहेत."

ताई रस्त्याकडेच्या कट्ट्यावर ठाण मांडून बसली. वर तिसऱ्या मजल्यावर माझ्या लेकीचं आयुष्य ठरायचं होतं आणि खाली मी एका सुपारीपायी अडलो होतो. खरं सांगतो, मला रडू यायचं बाकी होतं. तेवढ्यात ताईची नजर रिक्षाकडे गेली.

"भाऊ," ती रशीदभाईंना म्हणाली, "तुमी खराडीहून आमच्या संगच निघाले न?"

"निघालो तर."

"आन् याच्यातली सुपारी तुमीबी खाल्ली?"

"अर्धी," रशीदभाई सावधपणे म्हणाले.

"मंग तुमीच चौथे. चला वर."

"अहो ताई, मला धंदा आहे. आणि तिथे मी काय म्हणून येऊ?"

"पोरीच्या लग्नाचं काम हाय, भाऊ."

रशीदभाईंनी एकदा ताईकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. (माझ्याकडे पाहून त्यांना अधिक दया आली असावी.) मग त्यांनी रिक्षा बाजूला घेतली, खाकी शर्ट काढून घडी घातली. आत स्वच्छ पांढरा शर्ट होता. आरशात बघून दाढीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "चला. दहा मिनिटं."

दार निनादच्या वडिलांनी, अनंतरावांनी उघडलं. त्यांनी आधी घड्याळाकडे पाहिलं, मग आमच्याकडे. "अकरा वाजून चार मिनिटं. या, बसा."

निनाद, त्याची आई वसुधाताई, सगळे अदबीनं उभे. मी ओळख करून दिली. रशीदभाईंपाशी आलो आणि अडखळलो. ताई पटकन म्हणाली, "हे आमचे चौथे." एवढं स्पष्टीकरण पुण्यातल्या सभ्य माणसांना पुरलं. पुढे विचारायचं कसं, म्हणून कुणी विचारलंच नाही.

पोहे आले. मालतीनं माझ्याकडे पाहिलं. म्हणजे, विचारा. मी घसा साफ केला. "ते... एक विचारायचं होतं."

"विचारा की."

सगळे माझ्याकडे बघायला लागले आणि माझ्या डोक्यातला फळा कोरा झाला. "पुणे," मी म्हणालो, "पुणे हे पर्जन्यछायेच्या प्रदेशात येतं."

"असं?" अनंतराव म्हणाले. "आम्ही साठ वर्षं राहतोय. कुणी बोललं नाही."

मालतीनं टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला. मी घाबरून बेसाल्ट खडकावर गेलो. तिनं आणखी जोरात दिला, तेव्हा मी लाव्हारसापर्यंत पोचलो होतो. निनाद जांभई दाबत होता. मी बोलत होतो आणि मला कळत होतं, की हे थांबवायला हवं, पण थांबावं कसं ते सुचत नव्हतं.

रशीदभाईंनी पोह्यांची बशी खाली ठेवली.

"माफ करा, मध्ये बोलतो," ते म्हणाले. "मी रोज खराडीच्या मुलींची ने-आण करतो. बिचाऱ्या फोनवर बोलतात, ते कानावर पडतं. लग्न झालेल्यांचं रडगाणं एकच. उशीर झाला की घरी सगळ्यांची तोंडं फिरलेली आणि ओट्यावर भांडी तशीच. तर आपल्या घरी ही मुलगी दमून आली, तर काय होईल?"

सकाळपासून मी मनात घोकलेला प्रश्न या माणसानं पोहे खाता खाता विचारला होता!

वसुधाताई हसल्या. "निनादला मी पोळ्या शिकवल्यात. गोल येत नाहीत, पण भाजलेल्या असतात. आणि भांडी आमच्याकडे हे घासतात."

"बऱ्याच वर्षांपासून," अनंतराव म्हणाले. "मला त्यात गती आहे. आणि मुलीला यायला उशीर झाला, तर दार उघडायला मी आहेच. मला झोप लागत नाही."

"प्राचीला फक्त चहा येतो, बाबांना माहीत आहे," निनाद म्हणाला.

मालतीला राग आला आणि डोळ्यांत पाणीही आलं, दोन्ही एकदमच. इतकं बरं मला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं. इथेच नमस्कार करून उठलो असतो तर सगळं निभावलं असतं. पण वसुधाताईंनी रशीदभाईंना कौतुकानं विचारलं, "फार मुद्द्याचं बोललात. आपण प्राचीचे कोण?"

"मी रिक्षावाला," रशीदभाई म्हणाले. "खाली बाजूला लावलीय, ती माझी."

अनंतरावांचा चहाचा कप तोंडापाशीच थांबला. मी खुलासा करायला तोंड उघडलं, पण ताई कधीच सुरू झाली होती. विनायकची गाडी, देवापुढची सुपारी, तुरुंगाची भिंत, माझी सवय, सगळं! काहीही गाळलं नाही. माझी नकाशाची वहीही तिनं पिशवीतून काढून दाखवली.

अनंतरावांनी वही चाळली. हिरव्या रंगाशी थोडं थांबले. मग मला म्हणाले, "म्हणजे शकुनाची सुपारी आपण कातरून खाल्लीत?"

"अर्धीच," मी म्हणालो. "अर्धी यांनी खाल्ली."

ते उठले. वसुधाताईंना घेऊन आत गेले आणि दार लोटून घेतलं. आतून दबक्या आवाजात बोलणं सुरू झालं. निनाद पंख्याकडे बघत बसला. ताईचा जप परत सुरू झाला. मालती म्हणाली, "पोरीला आता तोंड कसं दाखवायचं हो?" खरंच, पोरीनं दोनच गोष्टी सांगितल्या होत्या आणि त्यातली एकही मला जमली नव्हती.

दार उघडलं. दोघं येऊन समोर बसले. वसुधाताईंचे डोळे पुसलेले दिसत होते. हसून की रडून, ते कळेना.

"हे बघा," अनंतराव म्हणाले, "मुलगी आम्हाला पसंत आहे. पहिल्या दिवसापासून आहे. आम्ही लग्नाला तयार आहोत. फक्त एका गोष्टीची खात्री करून घ्यायचीय."

"अवश्य! काहीही विचारा!" मी खुर्चीच्या टोकावर आलो.

त्यांनी माझ्याकडे बघितलंच नाही. मालतीकडे वळून ते विचारते झाले, "मुलगी आईवर गेलीय ना?"

"हो!" मालती म्हणाली. इतक्या ठामपणे ती आमच्या लग्नातसुद्धा हो म्हणाली नव्हती.