तांब्यावरचं निकेल

हुपरीत पैंजण घडवणाऱ्या महालिंगअप्पांची रक्षिता ही थोरली लेक. बी.एस्सी. झाल्यावर नातेवाइकांनी स्थळांचा विषय काढला, तेव्हा तिच्या आईनं, शांतव्वानं, तोंडावर सांगितलं, "पोरगी अजून शिकत हाय की!"

आता रक्षिता सकाळी राजारामपुरीतल्या एका क्लासमध्ये शिकवते आणि दुपारी विद्यापीठात पीएच.डी.चं काम करते. कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन यांचं मिश्रण तांब्यावरून नेलं, की त्याचं मिथेनॉल होतं. तिथं अणू कसे जुळतात, हे ती संगणकावर गणितं मांडून शोधते. तिनं तांब्याच्या पृष्ठभागाची एक नवी रचना सुचवली होती. त्या रचनेवर मिथेनॉल जास्त मिळेल, असं गणित सांगत होतं.

पुण्याच्या प्रयोगशाळेतल्या पूर्णिमाताईंनी तसं तांबं बनवून प्रत्यक्ष प्रयोग केला आणि त्यांचा फोन आला, "अगं, मिथेनॉल जेमतेम. मिथेन मात्र भरपूर!"

"गणितात काहीतरी राहिलं असेल," मार्गदर्शक विजयसिंह सर म्हणाले. "हे सोड, दुसरा धातू घे."

रक्षिताला ते लागलं. तिनं सगळं पहिल्यापासून पुन्हा केलं. उत्तर तेच. मिथेन व्हायचं, तर कार्बन-ऑक्सिजनची जोडी तुटायला हवी, आणि तांब्याला काही ती तोडवत नाही. मग तोडतंय कोण? तिनं संगणकातल्या तांब्यावर निकेलचे थोडे अणू बसवून पाहिले. जोडी तुटू लागली.

"ताई, राग मानू नका," तिनं फोनवर विचारलं, "पण तुमच्या तांब्यावर निकेल हाय का?"

"आम्ही घातलंच नाही गं."

"मग गॅसची नळी कशाची हाय?"

"स्टीलची," पूर्णिमाताई हळूच म्हणाल्या.

दाबाखालचा कार्बन मोनॉक्साइड स्टीलमधलं निकेल उचलून तांब्यावर आणून टाकत होता. तपासणीत ते सापडलं. आतून तांबं असलेली नळी बसवली आणि मिथेनॉल आलं, रक्षितानं सांगितलं होतं तसं!

विजयसिंह सरांनी सगळ्या विभागाला चहा पाजला. "मी सोड म्हणालो होतो," ते मोकळेपणानं म्हणाले, "हिनं सोडलं न्हाय."

संध्याकाळी हुपरीत शांतव्वा शेजारच्या धोंडुबाईला दारातूनच ओरडून सांगत होती, "आमच्या रक्षितानं पुण्याच्या मशीनची खोड हितं बसून काढली!"

"अव्वा, हळू की," रक्षिता म्हणाली.

"का म्हणून हळू?" आतून अप्पांचाही आवाज आला.